उसने केस

बेयोलूच्या चढावर माझं दुकान, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.
नाटकवाले यायचे. टक्कल झाकणारे यायचे.
आजारात केस गेलेल्या बायका यायच्या,
आरशाकडे पाठ करून बसायच्या.
नव्याण्णव साली मुली यायला लागल्या.

पहिली नेसिबे. कोन्याची. वैद्यकीच्या तिसऱ्या वर्षाला.
हनुवटीखाली टाचणी, काखेत जाडजूड वही.
म्हणाली, मादाम आराक्सी,
विद्यापीठाच्या फाटकावर रुमाल चालत नाही
आणि मला उघडं डोकं चालत नाही.
रुमालावरून बसेल असा टोप करून द्या.

चाळीस वर्षांच्या धंद्यात
केसांवरून केस कुणी मागितले नव्हते.
मी टेप फिरवली. मग पुन्हा फिरवली.
रुमालासकट एकोणसाठ सेंटिमीटर.

मी आर्मेनियन, रविवारी मेणबत्ती लावणारी.
यांच्या भांडणात मी कशाला तोंड घालू?
माप लिहिलं, आगाऊ रक्कम घेतली.

मार्चमध्ये गोलनार आली.
तब्रीझहून डोंगर ओलांडून वान, वानहून रात्रभर आणि दिवसभर बस.
विकायला केस आणले होते, डोक्यावरच.
कमरेखाली पोचणारे, तांबूस काळे, रंगाचा स्पर्श नसलेले.
"सोळा वर्षं सरकारने झाकून ठेवले.
एकदा एक बट बाहेर आली, तर रात्र चौकीत गेली.
सकाळी वडिलांनी येऊन सही केली,
एका बटेची पोच.
आता सांगा, काय भाव?"

कात्री लावताना वाटलं, रडेल.
तिने मानेवरून हात फिरवला,
खांदे वर ओढून घेतले,
"थंडी वाजते की हो," म्हणाली आणि खुदकन हसली.

मी मुद्दाम काही केलं नाही.
नेसिबेच्या भुवयांशी जुळणारी जुडी तेवढी एकच होती.
सहा आठवडे आकडीच्या सुईने
जाळीत एकेक केस ओवला,
डोळ्यांचं पाणी पुसत.

उरलेले पैसे न्यायला गोलनार आली
तेव्हा नेसिबे आरशासमोर होती.
दार उघडंच. गोलनार उंबऱ्यावर थबकली.
आपले केस पाठमोरे पाहणं
किती जणींच्या नशिबी येतं?

"कुणी बांधलं तुला?" तिने विचारलं.
तब्रीझची तुर्की, जराशी वाकडी, पण कळणारी.
"कुणी नाही. आई तर बांधतही नाही."
"ज्याने माझा गळा आवळला, ते तू हौसेने बांधतेस?"
"आणि ज्या वाऱ्यासाठी तुम्ही डोंगर ओलांडला
त्याच्याच नावाने मला फाटकाबाहेर उभं करतात."
"तुला घरी परत जाता येतं."
"घरीच तर जायचं नाही, परीक्षा द्यायचीय!"

आवाज चढले. खालचा न्हावी जिन्यात येऊन ऐकून गेला.
चहावर साय धरली म्हणावं तर दूधच नव्हतं त्यात,
नुसता काळा होत गेला.
पटलं कुणालाच नाही.
मी मध्ये पडले नाही, हे अजून मला टोचतं.

मग गोलनार पुढे झाली, माझ्या टेबलावरचा कंगवा उचलला.
"भांग चुकलाय," म्हणाली,
"माझा डावीकडे पडतो."
नेसिबेने मान खाली घातली. विंचरू दिलं.

जूनमध्ये टोप टपालाने परत आला.
चिठ्ठी नव्हती. जाळीत अडकलेली एक टाचणी होती.
गोलनार कॅनडाला गेली असं कुणीसं म्हणालं,
कुणीसं म्हणालं वानलाच अडकली.

गिऱ्हाइकं विचारतात. मी विकत नाही.
वर्षातून एकदा कोमट पाण्यात धुते,
खिडकीतल्या लाकडी डोक्यावर वाळत घालते.
जाळीत मी भांग मधोमध ओवला होता,
पक्कं आठवतं.
केस वाळतात, आणि सावकाश
डावीकडे वळतात.